एक साखळी रुंद देश

४ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. तुमचं पाकीट परवा मिळालं. उघडलं तर आतून पासपोर्ट पडला. निळ्या पुठ्ठ्याचा, कडेने हाताने शिवलेला, आत माझा सातवीतला दोन वेण्यांचा फोटो आणि त्याखाली 'मानद नागरिक'. मी हसत सुटले. मग आईला दाखवला आणि हसू गिळावं लागलं. तिने चष्मा लावला, काढला, पदराने पुसून परत लावला आणि म्हणाली, "धाकट्याचं डोकं फिरलंय. रजा काढ आणि घेऊन ये त्याला."

मामा, तुम्ही पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलात, त्याला आता दीड वर्ष झालं. तुमची खोली आई रोज झाडते. तुमची मोजणीची साखळी, ती लोखंडी सुयांची पेटी, नकाशांच्या गुंडाळ्या, सगळं जिथल्या तिथे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती अजून सांगते की मोजणी शिकवणाऱ्या शाळेत माझ्या भावाचा नकाशा भिंतीवर लावलाय, नव्या पोरांना तोच गिरवायला देतात, चाळीस वर्षांत कुणाला त्यात एक चूक सापडली नाही. आता त्याच भावाने देश काढलाय, हे तिने लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

मीही जरा धास्तावले आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून सरळ विचारते. तब्येत ठीक आहे ना? वेळेवर जेवता ना? देश केवढा आहे? सैन्य आहे का, आणि असलं तर त्याला जेवायला कोण घालतं? मी अकरा वर्षं सरकारी कचेरीत कायद्यांचे मसुदे लिहिते आहे, पण आपल्याच घरातून राष्ट्रप्रमुख निघेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यातून तुमचा पत्ता 'द्वारा पंक्चरचं दुकान, मोठ्या रस्त्यापलीकडे'. ज्या देशाला स्वतःचा पत्ता नाही त्याने पासपोर्ट छापावे, म्हणजे आधी कळस मग पाया झालं.

उत्तर लगेच पाठवा. आई दारात उभी आहे.

तुमची
भाची


१५ जानेवारी

चि. भाचीस,

परदेशातून अनेक आशीर्वाद. ताईला सांग, डोकं जागेवर आहे. रोज सकाळी चाचपून बघतो.

राष्ट्रप्रमुख मी नाही. राष्ट्रप्रमुख शिवणबाई आहेत. चौथ्या घरात त्यांचं शिलाई मशीन आहे आणि पासपोर्ट त्यांनीच शिवलेत. मी शेजारच्या पाचव्या घरात राहतो आणि नुसता मोजणीमंत्री आहे. सैन्य नाही. एक कुत्रा आहे, पण तो दोन्ही शेजारी राष्ट्रांत जेवून येतो, तेव्हा त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

देश सहासष्ट फूट रुंद आणि पाचशे चौऱ्याण्णव फूट लांब आहे. चौदा घरं, एकावन्न माणसं. पूर्वेला एक शहर, पश्चिमेला दुसरं. दोघांनी आपापल्या हद्दीवर दगड रोवलेत आणि दगडांच्या त्या दोन ओळींच्या मधे आम्ही. पूर्वेचा नकाशा पूर्वेच्या दगडांशी संपतो, पश्चिमेचा पश्चिमेच्या. मधली पट्टी कुणाच्याच नकाशात नाही. नळ मागायला पूर्वेच्या कचेरीत गेलं की म्हणतात, तुम्ही पश्चिमेचे. पश्चिमेला गेलं की म्हणतात, तुम्ही पूर्वेचे. इथले पंक्चरकाका तेवीस वर्षं दोन्ही खिडक्यांवर अर्ज देत आलेत.

मी इथे का आलो ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. काकांचं दुकान आधी या पट्टीतच होतं. त्याला आग लागली. दोन्ही शहरांचे बंब आले आणि दोन्ही आपापल्या दगडाशी थांबले. हद्द कुणाची, यावर बंबांचे प्रमुख बोलत राहिले आणि दुकान जळून गेलं. माणसं वाचली ती शेजाऱ्यांच्या बादल्यांमुळे. ही चार ओळींची बातमी मी आपल्या जेवणाच्या टेबलावर वाचली आणि बॅग भरली. काकांनी आता रस्त्यापलीकडे, शहराच्या हद्दीत टपरी टाकली आहे, म्हणून तुझी पत्रं तिथे येतात.

इथे आलो तेव्हा लोक एकच प्रश्न विचारत, आपण नक्की कुणाचे? एकदा मी चेष्टेत म्हणालो, कुणाचेच नसू तर आपले आपण होऊ. शिवणबाईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी झेंडा शिवून तयार.

सोबत राज्यघटनेचा मसुदा पाठवतो. नागरिकांचे हक्क आणि कर्तव्यं, एकूण बारा कलमं. तुझ्या लाल पेनाखालून काढ. वशिला म्हणून सोडून देऊ नकोस.

तुझा
मामा


२७ जानेवारी

ती. मोजणीमंत्री यांस,

मानद नागरिकाचा नमस्कार.

बंबांची गोष्ट आईला वाचून दाखवली. तिने निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवली. मग विचारलं, "त्या दुकानवाल्याचं वय काय असेल?" आणि उत्तर न ऐकताच आत गेली. निकाल मात्र बदललेला नाही. मी तुम्हाला घेऊन यायचं आहे.

घटना वाचली. लाल पेन घेऊनच बसले होते, सवयीने. पहिल्याच कलमाशी पेन खाली ठेवलं. "प्रत्येकाला पत्ता असण्याचा हक्क आहे, आणि इतर सगळ्यांचे पत्ते तोंडपाठ असणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे." मामा, अकरा वर्षांत माझ्या हातून असं एक वाक्य उतरलेलं नाही. आमच्याकडे हक्क पुढच्या पानांवर मिरवतात आणि कर्तव्यं पार मागे, कुणी बघणार नाही अशी पडलेली असतात. तुम्ही हक्काला त्याचं कर्तव्य जागच्या जागी टाचून टाकलंय. दोन बादल्या पाण्याचा हक्क, आणि जिचे गुडघे दुखतात तिची तिसरी बादली आणून देण्याचं कर्तव्य. रविवारच्या सभेत दहा मिनिटं तक्रार करण्याचा हक्क, आणि दुसऱ्याची दहा मिनिटं मधे न बोलता ऐकण्याचं कर्तव्य. हे कलम मी आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवून येणार होते, धीर झाला नाही.

शेवटचं कलम मी तीनदा वाचलं. "दोन्हीपैकी कुठल्याही शेजाऱ्याने आपल्या माणसांना आपलं म्हटलं, की त्या दिवशी हा देश संपेल आणि कुणी रडणार नाही." 'कुणी रडणार नाही' कायद्याच्या भाषेत बसत नाही. तरी खोडलेलं नाही.

बाकी किरकोळ दुरुस्त्या समासात आहेत. हरकत एकाच कलमाला, सातव्याला. "प्रत्येकाला चुकण्याचा हक्क आहे. चूक कबूल करणं हे कर्तव्य आहे." किती दिवसांत? कुणापुढे? नाही केली तर काय? मुदत नसलेलं कर्तव्य म्हणजे फळ्यावरचा सुविचार. लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी पुसायचा. एक तर मुदत घाला, नाहीतर कलम काढून टाका.

तब्येतीची काळजी आता कमी झाली आहे. ज्याने हे लिहिलं त्याचं डोकं ठिकाणावर आहे, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, तू त्याचीच भाची.

तुमची
भाची


८ फेब्रुवारी

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद, आणि त्याबरोबर एकावन्न माणसांचा आभाराचा ठराव. पंक्चरकाकांनी मांडला, कुत्रा सोडून सगळ्यांनी पाठिंबा दिला.

तुझ्या दुरुस्त्या शिवणबाईंच्या अंगणात सभा घेऊन वाचल्या. सगळ्या मान्य झाल्या. सातव्या कलमावर मात्र मी विरोध केला. मुदत घालता येत नाही, असं म्हणालो. का नाही, असं शिवणबाईंनी विचारलं तर मला कारण देता आलं नाही. कलम तूर्त आहे तसं ठेवलंय.

आता कामाचं. शिवणबाईंना एक मुलगी आहे. नर्सिंगच्या शाळेत तिची निवड झाली, तीही गुणवत्ता यादीत वरच्या पाचांत. प्रवेशासाठी रहिवासी दाखला मे अखेरपर्यंत द्यायचा आहे. दाखला देणार कोण? ती दोन्ही कचेऱ्यांत जाऊन आली. शेवटी आपला पासपोर्ट घेऊन गेली. खिडकीतल्या माणसाने तो उलटून पालटून पाहिला, शिवण सुरेख आहे म्हणाला आणि परत दिला. पोरगी हे सगळं हसत सांगत होती. शिवणबाई मशीन थांबवून ऐकत होत्या, आणि ते मशीन नंतर दिवसभर सुरू झालं नाही.

इथे कुणी आजारी पडलं तर तेरा घरांतून माणसं विचारपूस करायला येतात, आणि नुसती विचारपूस करून जात नाहीत, भांडी घासून जातात. अशा ठिकाणी वाढलेली मुलगी नर्स होणार नाही तर कोण होणार? आणि तिला अडवलंय कशाने, तर नकाशावरच्या एका रेघेने.

तुझ्या कायद्यांच्या जंगलात एखादी पायवाट आहे का बघ. ही पट्टी नकाशात यायला हवी. मे अखेर.

तुझा
मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामा,

पायवाट सापडली! चार दिवस जेवणाच्या सुट्टीत धूळ खात बसले होते, त्याचं चीज झालं.

मार्ग दोन आहेत. पहिला फेरमोजणीचा. अर्ज, हरकती, सुनावण्या, सात-आठ वर्षं सहज. तो विसरा. दुसरा एका जुन्या नियमात दडलेला. ज्याने मूळ मोजणी केली तो मोजणीदार हयात असेल आणि आपल्या हातून कुठे, कशी चूक झाली याचं सहीनिशी निवेदन त्याने स्वतः दिलं, तर हद्द तीस दिवसांत दुरुस्त करावीच लागते. तीस दिवस, मामा. मुलीचा दाखला मेच्या आधी हातात येईल.

इथल्या दप्तरात एवढंच कळतं की पूर्वेच्या शहराची मोजणी एकेचाळीस वर्षांपूर्वी झाली आणि घोळ त्यातच आहे. सही असलेला मूळ कागद इथे नाही. तुम्ही त्याच खात्यात हयात घालवलीत, तेव्हा तो गाढव कोण होता ते तुम्हीच शोधून काढा. एवढी अख्खी पट्टी सुटली म्हणजे डोळे मिटून मोजलेलं दिसतंय. जिवंत असला तर म्हातारा झाला असेल. पंक्चरकाकांना घेऊन जा आणि त्याच्या दारात बसा. एकावन्न माणसांना अधांतरी टांगून हा गृहस्थ कुठे सुखाने बसलाय, ते तरी बघू.

नाव मिळालं की कळवा. निवेदनाचा मसुदा मी चार ओळींत लिहून देते, त्याला फक्त सही करायची आहे.

तुमची
भाची


१४ मार्च

भाचीबाई,

नमस्कार. आपली भेट नाही, पण तुमचा पासपोर्ट मी शिवलाय, म्हणजे ओळख आहेच. मी शिवणबाई. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं शेवटचं पत्र आलं तेव्हापासून मामा गप्प आहेत. जेवतात, पण काय जेवलात विचारलं तर सांगता येत नाही. रोज सकाळी या दगडापासून त्या दगडापर्यंत पावलं टाकत जातात आणि परत येतात. अर्ज लिहायचे थांबवलेत. तुम्हाला पत्र लिहिलं का म्हटलं की मान हलवतात, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळत नाही.

परवा माझ्या दारात आले. माझ्या दाराला कडीकोयंडा नाही. एक लोखंडी सळई आहे, हातभर लांब, एक टोक वळवून गोल केलेलं, दुसरं अणकुचीदार. माझ्या आईला इथे घर बांधताना गवतात सापडली होती, तीच आम्ही अडसर म्हणून लावतो. मामा त्या सळईकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, चहा टाकते, आत या. तर म्हणाले, "नको. तुमच्या दारात यायची मला लाज वाटते." आणि गेले.

मला काही उमगलं नाही. माझ्या मुलीच्या दाखल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलं असेल तर त्यांना तुम्ही समजवा. ती म्हणते, पुढच्या वर्षी बघू. मला वाईट वाटतं, नाही असं नाही, पण मामा आले त्या आधी आमच्या गल्लीत कुणी कुणाला हक्काने हाक मारत नव्हतं. त्यांचं काही बिघडलं तर आम्हाला परवडणार नाही. तुमच्या पत्रात काही वाईट बातमी होती का? असेल तर आम्हाला कळवा, आम्ही सांगतो त्यांना हळूहळू.

तुमची
शिवणबाई


२० मार्च

मामा,

शिवणबाईंचं पत्र आलं. ते हातात घेऊनच तुमच्या खोलीत गेले आणि पेटी उघडली.

नऊ सुया. लहानपणी मी विचारायचे, मामा, खाचा दहा आणि सुया नऊ का? तुम्ही म्हणायचात, एक फिरायला गेलीय. परसात मी तुमच्याबरोबर साखळी ओढली आहे. पुढचा माणूस साखळी ताणतो आणि तिच्या टोकाशी सुई रोवतो. मागून येणारा ती उपटून हातात घेतो. शेवटी हातात जितक्या सुया तितक्या साखळ्या. एक सुई गवतात राहिली तर एक साखळी मोजणीतून गेली. आणि एक साखळी म्हणजे सहासष्ट फूट. रुंदी तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिली होती. मीच वाचून पुढे गेले.

मी तुम्हाला गाढव म्हटलं. डोळे मिटून मोजलं म्हटलं. ते पत्र तुम्ही कसं वाचलं असेल, याचा विचार सहन होत नाही.

आईला काही सांगितलेलं नाही. तुम्ही निवेदन दिलं नाहीत तर मी फेरमोजणीचा अर्ज तयार करते. त्यात कुणाचं नाव येणार नाही. वेळ लागेल. त्या वेळात कुणाचं काय जाईल ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा. काहीही ठरवलंत तरी मी तुमच्या बाजूला आहे. फक्त जेवा, आणि काय जेवलात ते लक्षात ठेवा.

तुमची
भाची


२६ मार्च

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. आधी तारखा नीट बघ. सभा रविवारी तेवीस तारखेला झाली. तुझं पत्र पंचवीसला मिळालं. म्हणजे मी आधी सांगितलं, मग तुझं पत्र आलं. एवढं श्रेय मला हवं आहे. साक्षीदार म्हणून शेवटी शिवणबाईंची सही घेतली आहे.

तेवीस वर्षांचा होतो. त्या दिवशी मदतनीस तापाने पडला होता म्हणून साखळीचं मागचं टोक मी धरलं, सुया मीच गोळा केल्या. काम आटोपून पेटी भरताना नऊच भरल्या. पुन्हा मोजायचं तर दोन दिवस गेले असते आणि दुसऱ्या दिवशी ताईचं लग्न. मी स्वतःला सांगितलं की सुई परत येताना वाटेत कुठेतरी पडली, मोजणीत नाही. हातातल्या सुयांप्रमाणे आकडा वहीत लिहिला आणि गाडी पकडली. शाळेच्या भिंतीवर आहे तो हाच नकाशा. तो जितका वर चढत गेला तितकं मला खाली उतरणं कठीण झालं. नंतर तर मला स्वतःलाही वाटायला लागलं की सुई वाटेतच पडली असणार.

बातमीत ठिकाण वाचलं आणि ती समजूत गेली. इथे आलो त्याच दिवशी शिवणबाईंच्या दारात सुई पाहिली. त्यानंतर पुरावा लागत नव्हता. तरी दीड वर्ष मी अर्ज लिहिले, सभा घेतल्या, पाणी भरलं, घटना लिहिली. लोक मला देवमाणूस म्हणायला लागले आणि मी ते ऐकून घेत राहिलो. चार ओळी लिहायचं टाळण्यासाठी मी अख्खा देश उभा केला, भाची. तुझा गाढव शब्द लागला, कारण तो बरोबर जागी लागला. त्याबद्दल माफी मागू नकोस.

सभेत माझी दहा मिनिटं मागितली. तीन मिनिटांत सांगून झालं. नियमाप्रमाणे दहा पूर्ण होईपर्यंत कुणी बोललं नाही, घड्याळ पंक्चरकाकांच्या हातात होतं. ज्यांचं दुकान जळलं त्यांच्याकडे बघण्यात माझी ती सात मिनिटं गेली. मग काका उठले.

म्हणाले, "तेवीस वर्षं मी दोन्ही खिडक्यांवर उभा राहिलो. चूक आमची आहे, असं आजवर एकानेही म्हटलं नाही. तुम्ही पहिले." मी मान खाली घातली. तर म्हणाले, "मी रागावलोय. उद्याही रागावलेला असेन. पण ते निवेदन द्यायला तुम्ही एकटे जायचं नाही. मी येतो."

मग शिवणबाईंनी सातव्या कलमाला दुरुस्ती सुचवली. तुझ्या हरकतीचा मान राखून मुदत घातली आहे. "मुदत: जमेल तेव्हा. पण जमवावं." एकमताने मंजूर.

आज सकाळी काका आणि मी पूर्वेच्या कचेरीत गेलो. निवेदन चारच ओळींचं झालं. खिडकीतल्या माणसाने दोनदा वाचलं आणि विचारलं, यात तुमचा फायदा काय? काकांनी त्याला आमच्या घटनेची प्रत दिली.

ताईला तू सांग. मला ते जमणार नाही.

वरची ओळ खोडलेली समज. सोबत तिच्या नावाचं वेगळं पाकीट आहे.

तुझा
मामा

साक्षीदार: शिवणबाई. (मामा काल माझ्याकडे जेवले. दोनदा वाढून घेतलं.)


११ मे

ती. मामा,

साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला त्यात चेष्टा नाही.

आदेश तीस दिवसांत निघाला होता, छापून आता आला. राजपत्रात मी स्वतः वाचला, मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवला. पूर्वेच्या शहराची हद्द एक साखळी पुढे. एवढंसं वाक्य. त्यामागे कोण आहे ते वाचणाऱ्या कुणाला कळायचं नाही, म्हणून मी आमच्या कचेरीत सगळ्यांना सांगत सुटले आहे.

शाळेतही गेले होते. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगते. नकाशा उतरवलाय. भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन राहिलाय. शिपाई म्हणाला, कुणीतरी घोटाळा केला होता म्हणे. मी म्हटलं, "चूक केली होती, आणि स्वतः जाऊन सांगितली. ते माझे मामा." मामा, तो नकाशा भिंतीवर होता तेव्हा मला तुमचा अभिमान वाटायचा, पण तो ऐकीव होता. आईचा ऐकून घेतलेला. आता वाटतो तो माझा आहे.

आईने तुमचं पाकीट दोन दिवस उघडलं नाही. मग तुमच्या खोलीत जाऊन दार लावून वाचलं. बाहेर आली ती थेट स्वयंपाकघरात. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "लग्नाच्या दिवशी तो सारखा बोटं मोजत होता. मला वाटलं, मी चालले म्हणून कासावीस झालाय." थोड्या वेळाने म्हणाली, "मला सांगायचं होतं त्याने. मी रागावले असते, आणि मग त्याच्याबरोबर गवतात सुई शोधायला गेले असते. लग्न दोन दिवस थांबलं असतं, त्यात काय."

तुम्हाला घेऊन येण्याचा हुकूम तिने मागे घेतलाय. आता म्हणते, त्याचं काम झालं की तो येईल. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हल्ली काय सांगते ठाऊक आहे? म्हणते, माझ्या भावाने देश काढला होता.

सुयांची पेटी आणि साखळी वेगळ्या पार्सलाने पाठवते आहे. आईने स्वतः घासून पुसून बांधली. तिचा निरोप असा की दहाही सुया घेऊन एकदा नीट मोज, मग घरी ये.

तुमची
भाची


घर क्रमांक ५,
साखळी गल्ली
१६ जून

चि. भाचीस,

वरचा पत्ता बघितलास? गल्लीचं नाव नागरिकांनी सुचवलं, शहराने मान्य केलं. तुझं पार्सल काकांच्या टपरीवर आलं होतं. यापुढचं पत्र थेट दारात येईल. पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा चौदाही घरांतली माणसं बाहेर उभी होती. त्याच्या पिशवीत एकच पत्र होतं, नर्सिंगच्या शाळेचं. पत्ता कुणीही सांगितला असता, पण सगळ्यांनी एकदम सांगितला. पहिल्या कलमाचं कर्तव्य पार पडलं.

ताईच्या आज्ञेप्रमाणे मोजणी केली. शिवणबाईंनी दाराची सुई काढून दिली. इतकी वर्षं हात लागून ती बाकीच्या नवांपेक्षा गुळगुळीत झाली आहे. पूर्वेच्या शहरात माझी मूळ मोजणी जिथून सुरू झाली होती, त्या जुन्या दगडापासून सुरुवात केली. पुढचं टोक काकांकडे, मागचं मुलीकडे. मी नुसता बाजूने चाललो. दहा सुया झाल्या की वहीत एक रेघ. माझ्या जुन्या वहीत तीन रेघा आणि सात सुया होत्या. खरी हद्द आली तेव्हा मुलीने हात उघडून दाखवला. तीन रेघा आणि आठ सुया. मी तिथेच गवतात बसलो. 

रविवारी शेवटची सभा घेऊन देश विसर्जित केला. झेंडा काकांना दिला. 'कुणी रडणार नाही' हे कलम सर्रास मोडलं गेलं आणि पहिला गुन्हा स्वतः काकांनी केला. शिक्षेची तरतूद नव्हती, तुझ्या दुरुस्त्यांत राहून गेलं. पासपोर्ट मात्र कुणी परत केले नाहीत. तिसऱ्या बादलीचं कलम तसंच चालू ठेवायचं ठरलंय, नळ आला तरी.

मी पुढच्या शनिवारी घरी येतो. खोली झाडायची आता गरज नाही म्हणून ताईला सांग, मी आल्यावर झाडीन. येताना पेटी आणतो आहे, पण तिला आधीच कल्पना दे की पेटीत सुया नऊच असतील. मोजणी झाली त्याच संध्याकाळी शिवणबाई आल्या आणि म्हणाल्या, "मामा, तेवढी आमची सळई द्या. दार लागत नाहीये." मी दिली.

तेव्हा यापुढे कुणी विचारलं की सुया नऊच का, तर फिरायला गेलीय असं सांगायचं नाही. दहावीचा पत्ता द्यायचा. घर क्रमांक ४, साखळी गल्ली.

तुझा
मामा